उशाकडच्या विटा

तपासणीच्या खोलीतून बाहेर आलेलं म्हातारं जोडपं, आपल्या नंबराची वाट बघत बसलेल्या शिंपीणबाईंशेजारी बाकावर टेकलं. बाईंनी मान वळवली नाही, पण कानांना कोण आवरणार?

“ऐकलंस ना? ऑपरेशन झकास झालंय. वर सरकलेलं जठर जागेवर बसलं. पलंगाच्या उशाकडच्या विटा आता काढा म्हणाले.”

“तुमची जळजळ घशाशी येऊ नये म्हणून नऊ वर्षं मीही उतारावर झोपले. आता सपाट पलंगावर मला झोप लागेल होय?”

“मग पलंगाच्या तुझ्या बाजूच्या पायाखालच्या राहू दे.”

“अहो, मी घरंगळत तुमच्या अंगावर येईन!”

“येऊ दे की.”

“आणि पोटावरचे टाके?”

“तेही डॉक्टरांना विचारून घेतलंय.”