भासऱ्याची तहान

ठेव ती लोटी खाली. नाही, तोंडाजवळ आणू नको — सूर्यभान, मी सांगून राहिलो, मांग हो. गंगा घेऊन आला? वरून तुळशीचं पानही. कोणं सांगितलं तुले की तुझ्या मोठ्या भावानं, या नत्थुजीनं, आ वासला, आता घटकाभराचा पाव्हणा? — तोंड उघडं होतं ते झोपेत, बापा. या नाकातोंडावरच्या रबराच्या टोपणातून रात्रंदिवस वारा येते, त्या लोखंडी टाकीतला. दम्याच्या माणसाले बरा म्हणते डाक्टर, अन् बराही आहे, छातीतलं घरघरणं कमी झालं — पण कोरडा किती, वैशाखातला वावरातला वारा परवडला. जीभ टाळूले चिकटते. थुंका गिळतो म्हटलं तर थुंका कोठून आणाचा? तुझी वयनी असली की ओठाले लोणी लावते, ओला फडका दाताखाली देते, खडीसाखर ठेवते गालात. आता ते जेवाले गेली जठारपेठेत, भाच्याकडं. थांब — दम घेऊ दे.

हां. टाकीले लावलेल्या त्या बाटलीत पाणी असते, त्यातून बुडबुड करत वारा आला की जरा ओला येते. सकाळपासून आटली. सिस्टरबाईले दोनदा खुणावलं, हो हो म्हणून गेली. डाक्टरनं पाण्याले मना नाही केली, चमच्या-चमच्यानं पाजा म्हणते, टोपण जरासं उचलून. पण माझ्या हातानं अर्धं उशीवर सांडते — नाही, तू नको. म्हटलं ना नको. अकरा वर्षं माझ्या विहिरीच्या थेंबाले तू तोंड लावलं नाही. माझ्या दारावरून तहानलेला गेला अन् परक्याच्या ओसरीत तांब्या मागितला, सारं गाव पाहे. अन् आता माझ्या तोंडात गंगा घालून पुण्य घेतं का? मेल्यावर ये. तवा मी काही तोंड फिरवाचा नाही.

काय पाहून राहिला असा? रहाटाचा दोर मीच काढला, हे साऱ्या गावाले ठाऊक आहे. आपल्या दोघाच्या वावरामधल्या धुऱ्यावरची बाभूळ तू विचारल्याबिगर तोडली, त्याच उन्हाळ्यात तुझी विहीर आटली — म्हटलं, पाहू आता येते का नाही माझ्या दारी. तू काहून येशील? जमुनेले पाठवलं. भर दुपारी घागर घेऊन आली तुझी बायको, तर रहाटाले दोर नाही. मी ओसरीत बाजेवर. मी तिचा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ — माझ्यापुढं तिनं कधी तोंड उघडलं नाही, डोईवरचा पदर ढळू देला नाही, रीतच आहे आपली — ते मागणार कसं? नुसती उभी राहिली. दोर माझ्या उशाखाली. मी डोळे मिटून घेतले, तोंड उघडं टाकलं, घोरल्यावाणी केलं. अंगणातली तिची सावली सरकत सरकत बाजेच्या खुरापर्यंत आली, इतका वेळ. जातानी घागर वाजू देली नाही तिनं — माझी झोप मोडेल म्हणून. घसा तवाही कोरडा पडला होता, पण उठून पाणी पेलो नाही. जागा आहो हे कळलं असतं ना तिले.

मी जागा होतो हे कोणाले ठाऊक नव्हतं. तुझ्या वयनीलेही नाही. कसं निघालं तोंडातून —

खोकू दे.

रडून नको राहू माझ्यापुढं, मले तुझं डोळ्यातलंही पाणी नको. लोटी उचल. साडेचारची मोटर आहे, चालला तर भेटते. उद्या जमुनेले पाठव. पदर घेऊन येवो का न घेता येवो, तिची मर्जी. पण सांग तिले, भासऱ्यानं म्हटलं, त्या दुपारी बोलाचं राहिलं ते बोल. शिव्या दे म्हणावं, मी ऐकीन. मंग वाटलं तर पाज म्हणावं चमचाभर. नाही वाटलं तर जा म्हणावं तशीच.

तू निघ आता. टोपणाले हात लावू नको, मी लावतो माझं. जा.