शालीखालचा सौदा

— न्हाई न्हाई दादा, हार घालू नका, तुमच्या सभेत भाषन मला न्हाई जमायचं! आधी माजं ऐका तर. तो मानूस मी न्हाई. म्हंजे मोबाईलमंदी आरडतोय तो मीच हाय, गहिनीनाथ, ह्याच घोडेगावच्या बाजारातला म्हशींचा दलाल — पन ते बोलनं माजं न्हाई. ते पिच्चरमधलं हाय. हसता काय? खरंच पिच्चर. लहानसा हाय, मानूस चहा पिऊन येतोय तवर संपतोय. सिल्व्हियानं काढला. सिल्व्हिया म्हंजे ह्या योहानची पोरगी, नगरला कॉलेजात हाय — तो बगा योहान, तिकडं लिंबाखाली, निळा स्वेटर, म्हशीचा कासरा धरून आपल्याकडं पाठ करून हुबा हाय — अहो बगू नका! बगा म्हनलं म्हून लगेच अशी मान वळवायची असती व्हय? हां. हळूच. उन्हाळ्यातबी स्वेटर घालतोय तो, तब्येतीचं काय न्हाई, सवय हाय. अन् तो हार जरा पिशवीत घाला ना. त्याला दिसंल.

तर सिल्व्हिया एक दिवस आली, म्हनली, "गहिनीकाका, स्पर्धा हाय, माणुसकीवर पिच्चर काढायचा, तुमी काम करा." म्या म्हनलं, चांगल्या मानसाचं ना? तर म्हनली, "न्हाई काका, तुमचा चेहरा बगून लिवलंय." मग शिकायला म्हून तिनं मला परदेशी पिच्चर दाखवले, आमच्या घरात, लॅपटॉपवर, रंगुबाईनं शेंगदाणे भाजून ठिवले हुते — रंगुबाई म्हंजे माजी मंडळी. तीन बगितले, तिन्हीत गोष्ट एकच. एक दांडगा गडी असतोय, अंगभर गोंदलेलं — गोंदलेलं तर माज्या आजीलाबी हुतं, पन तिनं कुनाचं घर न्हाई जाळलं — तर ह्या गड्याला काळं मानूस दिसलं की अंगाचा तिळपापड. का? त्यालाबी ठावं न्हाई. पोरं गोळा करतोय, बोंबलतोय, मारामाऱ्या करतोय, अन् मार खाऊन दवाखान्यात पडतोय. मग घास कोन भरवतंय त्याला? काळीच नर्स! की ह्याचा पीळ सुटला. रडतोय, माफी मागतोय, चांगला होऊन भाईर येतोय — अन् आला की घातली गोळी! तिन्हीत, दादा! म्या म्हनलं, सिल्व्हिया, सुधारल्यावर मारनार असशील तर मला न्हाई जमायचं, वाईट हुता तवर टुणटुणीत हुता की गडी. तर रंगुबाई म्हनती कशी — "तुमी आपलं पयल्या निम्म्यातच शोभता."

मग त्या वाईट गड्याचं भाषन लिवलं पोरीनं. म्या इचारलं, बाई, राग कुनाचा करायचा? तर तिनं डोक्याला हात लावला. बरोबर हाय, इथं कुनाचंबी नाव घ्या, दगड ठरलेला. म्हून तिनं नुसतं 'ते' लिवलं. "ते आले, ते माजले, त्यांच्यापायी आपलं वाटोळं झालं!" ते म्हंजे कोन? ज्याचं त्यानं घ्यावं. अन् घेतलं की लोकांनी! तुमाला वाटलं, मी त्या लोकांबद्दल बोललो. काल त्या लोकांची जीप आली हुती. व्हय, त्यांचीच! त्यांनीबी हारच आनला हुता, त्यांना वाटलं मी तुमच्याबद्दल बोललो. एक मावशी म्हनली, सासरच्यांना बरं सुनावलंत. आता मला सांगा, तुमच्या सभेत मी बोलू काय? तुमीबी 'ते', अन् तेबी 'ते'. अहो, शाल कशाला टाकताय खांद्यावर — बरं असू द्या, पन हार नको. झेंडूचा हार म्हशीच्या बाजारात आनत्यात व्हय कुनी!

शेवट? शेवट हुता की, पिच्चरला असतोयच. पन तो राह्यला. तुमी बाजारात नवे दिसता, तुमाला सांगाया लागंल. आमच्यात भाव तोंडानं करत न्हाईत. रुमाल टाकायचा, त्याच्याखाली एकमेकांचा हात धरायचा अन् बोटं दाबायची — कोनतं बोट, किती बोटं, त्यावरनं आकडा. त्या दोघांनाच कळतोय. वर तोंडानं आपलं, पाऊसपानी कसं, पोरगी बरी हाय का. पिच्चरमंदी ज्याच्यावर मी आरडतो तो मानूस योहानच झाला हुता; तर शेवटच्या सीनला मी जायचं, योहानचा हात धरायचा, अन् माज्या खांद्यावरची घोंगडी आमच्या हातांवर पडायची — पोरगी म्हनली, लई छान दिसतंय — अन् मी म्हनायचं, "भावा, मला माफ कर." झालं. धरला हात. पडली घोंगडी. तोंड म्हनतंय माफ कर, डोळ्यांत पानी, खरं पानी बरं का, कांदा न्हाई लावला — अन् बोटं? बोटं म्हशीचा भाव करायला लागली! मी काय करू? आख्खी हयात, कापडाखाली हात गेला की दुसरं काम ठावंच न्हाई त्यांना. त्याची ही म्हैस इकायची हाय ते मला म्हाईत हुतं. अन् दाबलं तेबी कमीच दाबलं, मेल्या बोटांनी! योहाननं हात हिसडला. म्हनला, "तोंडानं माफी मागतोस अन् बोटांनी भाव पाडतोस व्हय रे?" अन् गेला तरातरा. मग पोरीकडं राह्यलं काय, नुसतं भाषन. तिनं ते मैत्रिनीला दाखवलं, मैत्रिनीनं पुढं ढकललं, अन् आता तुमी आलाय शाल घेऊन.

एवढ्यावरनं कुनी रुसतंय का, तुमीच सांगा. भावात तर आमी रोज भांडतो. न्हाई — तेवढ्यावरनं न्हाई रुसला तो. ती शेवटची ओळ हाय ना, तुमी आल्या आल्या म्हनून दाखवली ती — "त्यांच्या हातात हात देऊ नका!" — ती सिल्व्हियानं लिवली न्हाई. ती माजी. पोरं टाळ्या पिटत हुती, घशाला चव आली, अन् निसटली तोंडातनं. योहान म्होरंच बसला हुता, पोरीची छत्री धरून. घरी येऊन आरशापुढं परत म्हनून बगितली म्या — छे, हे कशाला सांगतोय तुमाला! पन दलालानं असं म्हनायचं म्हंजे, तो मानूस मेला म्हना की सरळ. पिच्चरमधला तेवढा सोडला तर तवापासनं त्यानं हात दिला न्हाई. नाताळला योहानच्या घरची, मरियावैनींची करंजी येती आमच्याकडं दरसाल, ह्या साली आली न्हाई. रंगुबाई दारात बसून वाट बगत हुती. मला करमत न्हाई दादा, खरं सांगतो, बाजारात उगं हुबा असतो मी.

अन् आज तो म्हैस घेऊन आलाय. त्याची म्हैस माज्याबिगर कदी इकली न्हाई — अन् तो बगा, रामहरी चालला तिकडं, रुमाल झटकतोय! दुसरा दलाल हाय तो, गोड बोलून कापनारा. त्याचा हात त्या रुमालात गेला की संपलं. म्हैसबी गेली अन् योहानबी. सोडा मला, मला जाऊ द्या — हार कशाला! अहो घातलाच का? आता असा कसा जाऊ, गळ्यात तुमचा हार — दादा, मागं सरा. मागं सरा! म्हशीनं हुंगला झेंडू! आली, आली, योहानला ओढत आली — धर, धर कासरा, योहान! — गेला. खाल्ला हार. अहो ओरडू नका तिच्यावर, मुकं जनावर हाय ते, तिला काय ठावं कुनाचा हार!

योहान. ... बरी हाय का सिल्व्हिया? ... व्हय, गोड लागला वाटतं तिला. ... न्हाई रं, भाषनाला न्हाई चाललो, इचार ह्यांना. दादा, सांगा त्याला. नका सांगू, तुमी सांगितलं तर इश्वास न्हाई बसायचा. रामहरी, तू थांब जरा तिकडं. हे बग योहान, माज्याकडं रुमाल न्हाई, ही शाल हाय. घातली शाल हातावर. ह्यो माजा हात. आज मी एक बोट दाबनार न्हाई. तू दाब. म्हनशील तो भाव, माज्या पदरचे घालीन, पन दाब.

... दादा, मोबाईल खाली घ्या. न्हाई, ह्याचा व्हिडिओ पोरीलाबी धाडू नका. गप हुबे ऱ्हावा.

... अयाई! एवढं? अरं, हिला दात तरी — बरं. बरं बरं. व्हय.

जा तुमी दादा, भाषनाला दुसरा कोन बगा. शाल? शाल आता न्हाई मिळायची. हात आत हायेत.