धडधाकट घोडीला पट्ट्या

...नाही नाही, घोडीचा दोष नाही, जॉकीचा नाही, माझा तर नाहीच नाही! दोष म्हाताऱ्यांचा! हसताय काय? तुम्हाला सांगतो, वेस्ट व्हर्जिनियातलं आमचं हे मैदान चालायचं कुणाच्या जिवावर? घोड्यांच्या? छे हो! शेजारच्या कॅसिनोत बसगाड्या भरभरून म्हाताऱ्या यायच्या, जुगाराच्या मशीनपुढे बसायच्या, बटणं दाबदाबून हरायच्या, आणि त्यांच्या हरण्यातला वाटा आमच्या शर्यतींच्या बक्षिसात! देवमाणसं हो! परवा इर्मा आजी दुकानात भेटल्या. म्हटलं, "आजी, हल्ली दिसत नाही?" तर म्हणतात कशा, "अरे लॉयल, गुडघे धरतात रे! आता फोनवरच खेळते, सोफ्यावर पाय पसरून." फोनवर! फोनवर हरलेल्यातला एक सेंट येतो का आमच्याकडे? बक्षिसं निम्म्यावर आली! का? म्हाताऱ्या मशीनवर बसेनात!

आता आमची बिस्किट. आई मेलेली, म्हणून माझ्या बायकोनं, वँडानं, बाटलीनं दूध पाजून वाढवलेली घोडी. ती पळायची त्या बऱ्या शर्यती झाल्या बंद. उरली पाच हजार डॉलरवाली. त्यात पद्धत अशी, की पळायच्या आधी कुणीही पेटीत चिठ्ठी टाकायची, पाच हजार भरायचे, आणि शर्यत संपली की घोडी त्याची! वँडा म्हणाली, "घोडी गेली ना, तर तूही घरी येऊ नकोस." पण पळवली नाही तर चारा कुठून आणू? म्हाताऱ्या मशीनवर बसेनात!

मग मी डोकं लढवलं! घोडीच्या पुढच्या दोन्ही पायांना, ठणठणीत पायांना बरं का, गुडघ्याखाली जाडजूड पट्ट्या बांधल्या. बघणाऱ्याला वाटावं पाय गेलेत, कोण घेतोय! वर मी चेहरा असा पाडला, जसं काही मीच लंगडतोय. शेजारच्या तबेल्याचा डेल्बर्ट कुंपणापाशी आला, डोळे बारीक करून म्हणाला, "काय रे, पायाला काय झालं?" मी म्हटलं, "विचारू नकोस बाबा." उसासासुद्धा टाकला! काय उसासा होता!

आणि सुटली हो शर्यत! बिस्किट शेवटून दुसरी! मी म्हटलं चला, छान, कुणी बघत नाहीये... वळणावर बया एकदम बाहेरून निघाली, एक गेला, दोन गेले, तीन... मी ओरडतोय, "पळ गं माझी राणी!" आणि मनात म्हणतोय, अगं हळू, हळू, सगळे बघतायत! आणि पहिली! पहिली हो! मी नाचलो, टोपी उडवली, ती कुठे पडली देव जाणे! आणि नाचता नाचता भोंग्यातून घोषणा... बिस्किटवर चिठ्ठ्या, चार!

चार! अहो, पट्ट्या दिसत नव्हत्या का? डेल्बर्ट म्हणतो, "पट्ट्या बघूनच तर टाकली! तुझ्या तबेल्यात कुणाचे पाय दुखले, तर तू त्याला पळवत नाहीस, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पट्ट्या बांधून पळवतोयस म्हणजे चांगली घोडी लपवतोयस!" घ्या! माझा चांगुलपणाच मला नडला! चौघांच्या नंबरांच्या सोंगट्या हलवून एक काढली आणि निघाला डेल्बर्टचा नंबर. त्यानं आपला दोर अडकवला, माझा माझ्या हातात दिला, आणि चालली घोडी. मागे वळून बघत होती हो...

घरी गेलो. वँडानं बिस्किटची दुधाची बाटली काढून माझ्या ताटाच्या जागी ठेवली. ओरडली असती तर बरं झालं असतं!

आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत डेल्बर्ट दारात! "लॉयल, ती दाण्याला तोंड लावत नाही रे. तू काय करायचास?" मी म्हटलं, "सांगणार नाही!" मागून वँडा कडाडली, "सांगू नकोस, जा! उपाशी आहे ती!" गेलो. तिच्या कानामागे खाजवत, गप्पा मारत एक एक घास भरवला, तेव्हा कुठे बाईसाहेब जेवल्या. आता रोज जातो. खरारा मी करतो, लीद मी काढतो, पाय मी धुतो, आणि डेल्बर्ट खुर्चीत बसून, घोडीकडे बोट दाखवत म्हणतो, "मालकीण तुझ्यावर खूश दिसते!"

म्हटलं, "लेका, एवढं राबतोय, पगार तरी दे!" तर तो म्हणतो कसा, "पगार? अरे, तो द्यायला म्हाताऱ्या मशीनवर बसायला नकोत का!"