पोचट बियांची पुरचुंडी

ऐका मंडळी! कान इकडे द्या, मोबाईल खिशात घाला. देव कुठं पळून जात नाही, पण तुमचं लक्ष जातं. आज एकच प्रश्न विचारतो — माणूस देतो, म्हणजे नक्की काय देतो? 'दिलं का' असं नाही विचारत. दिलेलं तर सगळ्यांनीच असतं, दात्यांच्या फरशीवर नावं कोरलेली असतात! काय दिलं, ते सांगा.

वाण्याच्या दुकानात जा. तो विचारतो, "सुपारी खायची देऊ का पूजेची?" खायची चांगली, पूजेची किडकी! तांदूळ खायचे वेगळे, अक्षतांचे वेगळे. आणि बायांनो, तुम्ही हसू नका. तुमचा तो ओटीतला खण! कुणी शिवत नाही, कुणी घालत नाही, गावभर फिरून पुन्हा तुमच्याच ओटीत येऊन पडतो. देवाला वाटत असेल, ह्या बिचाऱ्यांच्या घरात चांगलं काही येतच नाही.

तर खडकमाळ नावाचं एक गाव. तिथं केरूनाना म्हणून गृहस्थ. कपाळाला बुक्का, गळ्यात माळ, आरतीत आवाज सगळ्यांच्या वर. आणि परसात लाल भोपळ्याचा वेल. भोपळा कसा? कवेत मावू नये असा! कापला की आत केशरी, शिजवला की गूळ घालायला नको. भैरोबाच्या भंडाऱ्याला पहिला भोपळा नानांचा, हा त्यांचा मान. नाना फेटा बांधणार, भोपळा डोक्यावर घेणार, पुढे ताशा, मागे गाव. वर्षभर माणूस त्या एका दिवसावर जगायचा. आळ्याला पाणी मात्र बायको घालायची — भागीरथी. तिला कसला आलाय ताशा?

त्या गावात वाचनालयाचं एक कपाट होतं. पुस्तकं वाळवीनं वाचून संपवली. मग गुरवाच्या अनुसाबाईनं ते धुऊनपुसून घेतलं आणि त्यात बियाणं ठेवायला सुरुवात केली. वाल, दोडका, काकडी, घेवडा... नियम सोपा. मूठभर बी न्या, परसात लावा, हंगाम सरला की दोन मुठी आणून द्या. पुरचुंडीवर देणाऱ्याचं नाव. कपाट उघडलं त्या दिवशी भाषण कुणी केलं? नानांनी! "गावाला दिलेलं देवाला पोचतं," म्हणाले. टाळ्या!

आणि घरी? घरी भोपळा कापला. टपोऱ्या बिया एकीकडे — राखेत घोळल्या, मडक्यात भरल्या. पोचट बिया दुसरीकडे — बोटानं दाबलं तर आत नुसती हवा! त्या बांधल्या पुरचुंडीत, वर झोकात नाव, 'केरूनाना यांजकडून'.

भागीरथी म्हणाली, "अवो, ह्या उगवायच्या न्हाईत."

"म्हनून तर द्यायच्या," नाना म्हणाले. "उगवल्या तर आपला भोपळा घरोघर हुईल. मग भंडाऱ्याला आपल्याला कोन इचारतंय? जा, देऊन ये कपाटात."

बघा किती दूरदृष्टी! अहो, भंडाऱ्याचा भोपळा चिरतानासुद्धा हा माणूस आचाऱ्याशेजारी पाट टाकून बसायचा आणि बिया उपरण्यात बांधून घरी न्यायचा. देवाला गर, नानांना बी! आणि वर जेवायच्या पंगतीला पहिला.

अशी तीन वर्षं गेली. भंडारा आला. नाना फेटा बांधून, भोपळा डोक्यावर घेऊन देवळाशी आले — आणि थबकले. पायरीशी चार माणसं उभी. चौघांपाशी चार भोपळे. तोच रंग, त्याच फाका, तोच आकार. एक तर नानांच्यापेक्षा बोटभर मोठाच! वर्षाचा एक दिवस आपला, तोही गेला, एवढंच त्यांना कळलं. मोठ्या भोपळ्याचा मालक सखाहरी हसत पुढे आला, हात जोडले, काही बोलणार — नानांनी ऐकून घ्यायचं की नाही? छे! भोपळा धपकन खाली ठेवला आणि ओरडले, "चोर! माज्या मडक्यातलं बी चोरलंय!"

अनुसाबाई म्हणाली, "चोरल कशाला कोन, नाना? कपाटात तुमची पुरचुंडी दरसाल येतीया. औंदा पयल्यांदाच ह्या चौघांनी त्यातलं बी नेलं."

"शक्य न्हाई."

"का वो?"

"मी दिलेल्या बियांना भोपळा धरनारच न्हाई! सोता बसून निवडून पोचट घातल्यात मी!"

ताशा थांबला. नानांना आपलाच आवाज ऐकू आला, पण आता तो परत गिळता येतो का? मंडळी, लबाडाविरुद्ध साक्षीदार शोधावा लागत नाही. त्याला नुसता राग यावा लागतो.

बायकांच्या घोळक्यातून भागीरथी पुढे आली. "मडक्यातल्या म्या घेतल्या," ती म्हणाली. "तुमी लावता दहा, ठेवता दोनशे. पोचट हुत्या त्या कोंबड्यांना घातल्या. पुरचुंडीवर तुमचं नाव हुतं. मला लाज वाटली."

"मला न इचारता?"

"सांगितलं हुतं. तुमी ऐकलं न्हाई."

मग सखाहरी हळूच बोलला. "नाना, आमी चौघं तुमच्या मागनं चालाया आलो हुतो. बी तुमचं, म्हनून फुडं तुमी आन मागं आमी. तेच सांगाया आलतो."

काय म्हणावं ह्या माणसाला? बायकोनं चोरून मिळवून दिलेला मोठेपणा समोर हात जोडून उभा होता, आणि ह्यानं तो स्वतःच्या तोंडानं घालवला! नाना तसेच उभे. डोक्यावर फेटा, पायाशी भोपळा. अनुसाबाईनं भागीरथीच्या डोक्यावर चुंबळ ठेवली. सखाहरीनं नानांचा भोपळा उचलून त्यावर दिला. ताशा वाजला. ती पुढे, मागे चार भोपळे, त्यांच्या मागे गाव. नाना सगळ्यांच्या शेवटी चालत होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी हाकललंही नाही.

हसलात? छान. आता तुमच्याकडे वळतो. उद्या तुमच्याही गावात असंच कपाट उघडायचंय, म्हणून तर मला बोलावलंत. ही बघा देवापुढे पुरचुंड्यांची रास, प्रत्येकीवर नाव ठळक! मी एकही उघडून बघणार नाही. मला नारळ घेऊन सुखरूप घरी जायचंय. आपण आता नामाचा गजर करू, सगळ्यांनी डोळे मिटून. तेवढ्यात ज्याला आपली पुरचुंडी घरी नेऊन बदलून आणायची असेल, त्यानं खुशाल उठावं. मृदंगबुवा, गजर जरा लांबवा, काहींची घरं लांब आहेत. हं, मिटा डोळे... सावकाश... दारात गर्दी नको... अहो, एकदम सगळे नका उठू! टाळकरी तरी राहू द्या माझ्यापाशी!