उजवा पाय

...आणि वर लोक मलाच विचारतात, स्कूटर कधी कुणी विसरतं का हो? अहो, विसरतं! तुम्हाला सांगतो, आमच्या शेजारचे श्रीनिवासराव विसरले. तेवीस वर्षं शनिवार पेठेतून एकच स्कूटर चालवणारा माणूस!

झालं काय, लेक स्वराली इंजिनिअर झाली. म्हणजे आता आयटीत लागणार, म्हणजे गाडी घेणार, म्हणजे ती चालवायला कुणीतरी नको? नोकरीचा पत्ता नाही, गाडीचा पत्ता नाही, आणि हे सकाळी साडेसहाला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हजर! एकवीस दिवस स्कूटर बंद, आणि शेजारी तो शिकवणारा बजरंग, ‘काका, पळवायचीय ना? मग उजवा पाय दाबा की... अजून दाबा...’ पाय शिकला हो, नको तितका शिकला. पण मी म्हणतो, कोणी सांगितलं होतं शिकायला?

बाविसाव्या दिवशी स्वरालीचा इंटरव्ह्यू. औंधला, दहाच्या ठोक्याला, उशिरा येणाऱ्याला प्रवेश नाही. आणि नेमका रिक्षांचा संप. मग काढली स्कूटर. मोकळ्या रस्त्याला ठीक चाललं, पण विद्यापीठ चौकात सिग्नल लागला, मागे गर्दी, घड्याळात पावणेदहा... आणि दिवा हिरवा झाल्याबरोबर श्रीनिवासरावांनी जोरात उजवा पाय दाबला. आता स्कूटरला उजव्या पायाखाली काय असतं? ब्रेक! गचका, आणि बंद. किक मारली, पुन्हा हिरवा, पुन्हा पाय, पुन्हा बंद. जितकी घाई, तितका पाय जोरात. मागून एकजण म्हणतोय, ‘आजोबा, मुक्काम आहे का?’ यांना घाम फुटलेला. लेकीची चार वर्षं आपल्याच बुटाखाली चिरडतायत, हे दिसतंय, कळतंय, आणि पाय ऐकत नाही! अहो, कोणी सांगितलं होतं शिकायला?

दहाला दहा कमी. स्वराली खाली उतरली.

“बाबा, मागे बसा.”

“तुला स्कूटर येते का?”

“नाही. पण मला गाडीही येत नाही.”

बसले निमूट. मैत्रिणीची लुना फिरवलेली एवढंच पोरीचं भांडवल. पण औंधपर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये, स्कूटर नुसती बोंबलतेय, मागे हे डोळे मिटून, आणि दोन्ही पाय हवेत धरलेले, चुकून काही दाबायला नको! दहाला एक मिनिट असताना पोरगी आत शिरली.

लागली हो नोकरी. पण पहिल्याच दिवशी तोंड पाडून घरी. म्हणे, ‘बाबा, तिथले सर म्हणाले, कॉलेजात शिकलात ते सगळं विसरा. चार वर्षांचं असं कसं विसरायचं?’

श्रीनिवासरावांनी वर्तमानपत्रातून मानही वर काढली नाही.

“एकवीस दिवस जात राहा.”