पोरगी बोटीवर, टाचणी डोंगरावर

...आणि वर पोरगी म्हणे, ‘सोपं असतं हो ते!’ सोपं? तुम्हाला सांगतो, तीस वर्षं लोकांचे कपडे शिवतोय, मापं घेतोय, पण या पृथ्वीचं माप घ्यायला मला कुणी सांगितलं होतं? आमची मुलगी मालवाहू जहाजावर नोकरीला लागली. पहिलीच सफर! रोज दुपारी फोनवर दोन आकडे पाठवते, अक्षांश आणि रेखांश. बस्स! ‘बाबा, यावरून मी कुठे आहे ते कळेल.’ मी खिडकीतून बघतो, छपरावर बघतो, आभाळात बघतो... अहो, रेघ आहे कुठे?

मग दुकानात जगाचा नकाशा लावला. शेजारच्या भूगोलाच्या बाई हात नाचवत म्हणाल्या, ‘आडव्या रेघा अक्षांश, उभ्या रेखांश. उभ्या दोन्ही टोकांना जुळतात!’ म्हटलं, ही तर कापडाच्या निमुळत्या कळ्या जोडून शिवलेली टोपी! आणि काय सांगू, त्या दुपारी मशीन थांबलं, खडू हातातच राहिला, आणि मला अख्खी पृथ्वी बेतलेली दिसायला लागली... निळं कापड, त्यावर पुसट रेघा, एक माझ्या पायांखालून निघालीय, भिंतीतून, रस्त्यावरून, पाण्यावरून... आणि तिच्या पल्याड कुठेतरी माझी पोर उभी! एकटाच हसत होतो. गिऱ्हाईक ओरडलं, ‘अहो, माझी बाही!’ कसली बाही? रेघ आहे कुठे?

त्या दिवशीचे आकडे पंधरा आणि पासष्ट. मोजून टाचणी टोचली, तर बोट बर्फाळ डोंगरावर! बायको म्हणते, ‘स्वेटर नेलाय ना तिनं?’ अगं, स्वेटर काय घेऊन बसलीस? बोट डोंगर चढलीय! चार दिवस टाचणी तिथेच घुटमळतेय...

पाचव्या दिवशी मुलीचा फोन. डोंगराचं सांगितलं, तर हसायलाच लागली. ‘बाबा, पहिला आकडा आडव्या रेघेचा!’ आता आमच्या मापाच्या वहीत आधी उंची, मग रुंदी! उभं आधी! जन्माची सवय पृथ्वीसाठी बदलू?

बदलली. टाचणी बरोबर जागी लावली. भर समुद्रात. चहूकडे निळं, बेट नाही, ठिपका नाही... बायको कितीतरी वेळ बघत राहिली.

‘नक्की इथेच?’

‘नक्की.’

‘इथे तर काहीच नाही हो.’

एवढ्या निळ्यात आपली पोर...

मग ती हळूच म्हणाली, ‘परत डोंगरावर लावा. तिथे निदान पायाखाली जमीन आहे.’

चूक आहे, कळतं मला... पण काय करता? लावली!