कडक इस्त्रीचं फडकं

ताई : मग कपाटाखालून बाहेर काढलंस कसं पिल्लाला? शेपटीला धरून?

धाकटा : मानेला धरून, ताई. मांजरीण तशीच धरते ना पिल्लांना.

ताई : मिशा आहेत म्हणून स्वतःला मांजर समजायला लागलास?

धाकटा : भीती मोडायची होती गं. टेबलावर ठेवलं, गिऱ्हाइकांसमोर. म्हटलं, होऊ दे माणसांची सवय. तर मलाच ओरबाडलं आणि परत कपाटाखाली! कालपासून खाण्याला तोंड लावलेलं नाही. जाताना घेऊन जा तुझं पिल्लू. असलं भित्रं नको मला.

ताई : न्हाव्याची कात्री वाजली की तू खाटेखाली शिरायचास. आईनं तुला कुठं परत केलं? आणि हे फिस्स फिस्स काय चाललंय मघापासून?

धाकटा : वाफेची इस्त्री आहे.

ताई : मांजर अंगावर येतं तेव्हा अस्संच फिसकारतं. दिवसभर त्याच्या उशाला बोका बसवलायस! बंद कर ती.

धाकटा : बँडवाल्यांचे कोट आहेत, आज न्यायला येतील!

ताई : ते कोटाशिवाय मरणार नाहीत. हे उपाशी मरेल. बंद कर. आणि त्याच्या आईखालचं फडकं दिलं होतं मी, ते कुठाय?

धाकटा : ते होय! हे बघ. धुतलं, नीळ दिली, खळ घातली, कडक इस्त्री मारली. घडी तर बघ!

ताई : (फडकं हुंगून) आईचा वास होता रे यात. तेवढाच एक ओळखीचा होता त्याला. तोही धुऊन काढलास, शहाण्या.

धाकटा : मळकं होतं म्हणून... मला काय ठाऊक?

ताई : आता तुझं एखादं न धुतलेलं दे.

धाकटा : माझ्या दुकानात न धुतलेलं?

ताई : अंगातला सदरा काढ.

धाकटा : इथं उघडा बसू?

ताई : बघायला रांग लागणार नाही. काढ. पसर कपाटापाशी. बस खाली. त्याच्याकडे टक लावू नकोस, भिंतीकडे बघ. आणि जन्मात एकदा तरी गप राहून दाखव.

धाकटा : किती वेळ?

ताई : लागेल तितका. गप!

धाकटा : ताई... बोटाला काहीतरी ओलं लागलं.

ताई : नाक आहे त्याचं. हात ओढलास तर याद राख.

धाकटा : सदऱ्यावर चढलं. थरथरतंय गं.

ताई : थरथरू दे. वाटी सरकव. हळू, मेल्या, हळू.

धाकटा : खातंय.

ताई : मग तू का नाक ओढतोयस?

बँडवाला : अहो, कोट झाले का? अरे, असे उघडे काय बसलात?

धाकटा : हळू बोला.

बँडवाला : पण वाजवायला जायचंय आम्हाला! दोनच कोट राहिलेले दिसतायत. मारा पटकन इस्त्री.

धाकटा : बसा जरा. त्याचं खाऊन होऊ दे.